झाकण आणि माझं तोंड

प्रिय आईस,
तुझ्या बडबड्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. मी डिझाइन केलेलं बरणीचं झाकण ऑफिसात सगळ्यांना आवडलं. काल ते उघडून बघायला काही आजींना बोलावलं होतं. आमच्या ऑफिसच्या मुख्य बाईंनी मला बजावलं, "चित्र सगळ्यांनाच काढता येतं. डिझायनरला गप्प बसून बघता आलं पाहिजे."

एका आजींना झाकण उघडेना. "असं फिरवा" हे अगदी जिभेवर आलं होतं, पण मी ओठ मिटून बसले. तू हसून बेजार झाली असतीस. शेवटी त्यांनी बरणी पोटाशी धरली, डाव्या हाताने झाकण काढलं आणि उजवा हात हळूच मांडीवर ठेवला. कोणी विचारलं नसताना म्हणाल्या, "हात ठीक आहे माझा."

झाकण आता पहिल्यापासून करतेय. वाईट वाटलं, पण थोडंच.

आई, परवा फोनवर मी काही विचारलं नसताना तूही हेच म्हणालीस. घरातले डबे हल्ली बाबा उघडून देतात का? "ठीक आहे" एवढं सोडून काहीही लिही. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
चिऊ