पोट नव्हे, पाळी

घाटकोपर,
१२ डिसेंबर १९८६

ती. सौ. कुंदाआत्येला सुगंधाचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? काजूला मोहोर धरला का? इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. मी संतापले आहे.

आमच्या मंडळाचा मुलींचा कबड्डी संघ फायनलला पोचला हे बाबांनी कळवलंच असेल (मी चढाईत किती गडी मारले, हे ते कळवणार नाहीत). घोडं अडलंय ते सरांपाशी (सर कोण ते तुला ठाऊक आहे, त्याबद्दल शेवटी). पाळी आली की आम्ही मुली वर्षभर ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगायचो. मैदानावर दुसरं काय सांगणार? सर दर वेळी हातावर ओव्याची पुडी ठेवायचे, आणि शेवटी घाटकोपरच्या समस्त मुलींची पचनं बिघडली आहेत असं ठरवून त्यांनी आमचे सरावानंतरचे बटाटेवडेच बंद केले. वास्तविक पाळीच्या आधीच्या आठवड्यात मला अशी भूक लागते की तिसरी भाकरी कुठे गेली कळत नाही, अंग जड होतं, दोन चढायांत धाप लागते आणि वजनाचा काटा (आमच्या गटाला वजनाची अट आहे) किलोभर पुढे सरकतो. सर म्हणतात, "चोरून खातेस!" अगं, पाळी आली की तेच वजन आपोआप उतरतं. पण ऐकतो कोण? नेमक्या त्याच आठवड्यात मला मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारायला लावतात.

परवा आमच्या कॅप्टनच्या, वसुधाच्या, हातावर पुडी पडली आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडले, "सर, पोट नाही, पाळी!" शेजारी क्रिकेट खेळणारी मुलंसुद्धा थांबली. सर कानापर्यंत लाल. वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय! दुसऱ्या दिवशी नवा नियम: पाळी असेल तिनं बाहेर बसायचं, शरीर नाजूक असतं म्हणे. म्हणजे अंग जड असेल तेव्हा पळा, आणि हलकं झालं की बसा! वसुधाला त्या दिवसांत उठवत नाही, तिनं जरूर बसावं. पण पाळीच्या दुसऱ्या दिवशीही माझी चढाई कुणाच्या बापाला अडत नाही. आणि फायनल, एकवीस तारखेची, नेमकी माझ्या दुसऱ्या दिवशी! खोटं सांगावं, तर वसुधा (खोटं बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटतो) सगळ्यांच्या तारखा सरांना सांगून मोकळी झाली आहे. आई म्हणते, "बरं झालं, तेवढीच विश्रांती." मला रडूच आलं गं.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार.

तुझी रागावलेली,
सुगंधा

ता. क. सर तुझेच धाकटे दीर, म्हणून तर तुला लिहिते. दर सरावाला आम्हाला ऐकवतात, "आमची वहिनी बघा! भातलावणीला दिवसभर चिखलात वाकायची, वर डोक्यावर भारा घेऊन घाटी चढायची." त्यांना एवढंच लिहून विचार: त्या वहिनीला महिन्याचे चार दिवस चुलीपाशी यायची बंदी होती, पण शेतात जायची बंदी कधी होती का?

दुसरा ता. क. आत्ता मात्र माझं पोट खरोखरच दुखतंय. आज आम्ही चोरून वडे आणले, आणि वसुधाच्या वाटचेही मीच खाल्ले. हे सरांना कळवू नकोस.