गावाचा एक डावीकडं

५ बहमन १३४६ फसली. सकाळ.
(ही निजाम सरकारची तारीख चावडीच्या भिंतीवरून आणली.) ठाणाकुशनूरला अक्काकडं दसऱ्यापासून आहे, पण हा मुक्काम नव्हे, नुसतं थांबणं आहे. उद्या हैदराबादेकडं निघणार होतो. तेवढ्यात बिबट्यानं शेजारच्या माणिकप्पाचं वासरू ओढ्याकाठच्या जोंधळ्यात ओढून नेलं. रस्ता तिथूनच जातो. निघणं पुढं ढकललं. भ्यालो नाही. थंडी फार आहे.

६ बहमन. दुपार.
मोठा शोध लागला. दोन्ही मुठी मिटून अक्कासमोर धरल्या, "एक" म्हणालो आणि विचारलं, खडा कुठल्या मुठीत? तिनं तिच्या डाव्या बाजूची दाखवली. "नव्वद" म्हणालो, उजव्या बाजूची. दाजी तसेच, माणिकप्पाही तसाच. म्हणजे लहान आकडा कानावर पडला की मन आपोआप डावीकडं वळतं, मोठ्याला उजवीकडं! डोक्यात आकड्यांची रांगच मांडलेली असणार. फक्त चावडीतले मुनशी उलटे निघाले. ते दिवसभर उर्दू लिहितात, उजवीकडून डावीकडं. त्यांची रांगही तशीच. हे सायन्स आहे. हैदराबादेत कुणाला तरी दाखवायचं.
अक्का म्हणाली, "दळण आणायला सांगितलं तर खडे खेळत बसलास व्हय रे?" दळणाची वाट जोंधळ्यातनं जाते, हे तिच्या ध्यानातच नाही.

८ बहमन.
हाका ठरला. पलीकडून हलगी वाजवून बिबट्याला जोंधळ्याबाहेर काढायचं, अलीकडं जाळ्यात धरायचं. दाजी म्हणाले, "ग्यानबा, तू शिकलेला हाईस. बांधावरच्या सहा बाभळींना चुन्यानं आकडे घाल आन् मागच्या निंबावर चढून बस. त्यो ज्या बाभळीखालनं निघंल, त्यो आकडा वरड. आम्ही जाळं घेऊन तिकडं पळतो."
म्हणजे अख्ख्या गावाचा जीव माझ्या जिभेवर. आनंदानं होकार दिला. मग पोटात कळ आली. अक्का म्हणाली, "ओवा खा आन् चढ."

९ बहमन. दिवस कलताना.
आकडे घातले. हात आपसूक उजव्या टोकापासून सुरू झाला. बिदरला सरकारी शाळेत दोन वर्षं उर्दू गिरवली, त्याचा गुण. सहावा आकडा काढताना लख्ख आठवलं: गावाचा एक डावीकडं असतो! पुसून उलटे घालावेत म्हणून वाकलो, तेवढ्यात जोंधळा हलला. चुन्याचं गाडगं तिथंच राहिलं, एक वहाणही. नंतर कळलं, माणिकप्पाची म्हैस होती. उद्या पहाटेच उठून आकडे बदलणार. पक्का इरादा.

१० बहमन. सकाळ.
उठायला उशीर झाला. असो. आकडे धडधडीत लिहिलेत, माणसांना डोळे आहेत.

तीच तारीख. संध्याकाळ.
हलगी वाजली. उजव्या टोकाच्या बाभळीखालनं तो निघाला, पिवळा, पोट जमिनीला लावून. त्याच टोकाला दाजी एकटे उभे. मी जीव तोडून ओरडलो, "एक! एक!" सगळा गाव जाळं घेऊन डावीकडं पळाला. दाजीसुद्धा तिकडंच वळले, बिबट्याकडं पाठ करून. मुनशींनी तेवढं उजवीकडं बघितलं, आणि छत्री टाकून पळाले. "दाजी" एवढंच ओरडायचं होतं मला. तोंडातनं "एक"च निघत होतं. बिबट्यानं दाजींच्या पाठीवर पंजा ओढला आणि परत जोंधळ्यात शिरला.
अक्का जखमेत हळद भरतेय. माझ्याकडं बघत नाही. दोष माणसांच्या शिस्तीचा आहे, हे तिला सावकाश समजावून सांगीन. दाजी कण्हले की माझं लिहिणं थांबतं.

११ बहमन.
दाजींना ताप नाही. तीनदा कपाळाला हात लावून बघितलं. आकडे उलटे कुणी घातले, असं कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. दाजी पालथे पडूनच सगळ्यांना म्हणाले, "परवा परत हाका. आता आकडं नकोत. बोकड ग्यानबाच्या निंबाखाली बांधा. ह्यो बोंबलला की बिबट्या कुठं हाय ते आंधळ्यालाबी कळंल." सगळे हसले. मीही हसलो. मग सहज विचारलं, बिबट्या झाडावर चढतो का?
"चढतंय की," दाजी म्हणाले. "म्हणून तर तुला शेंड्याला बसवायलोय."