साच्याची मागची बाजू

३ मार्च
आलो एकदाचे. दोन खोल्या, मागे पडवी, आणि पडवीभर आधीच्या भाडेकरू मूर्तिकाराचं सामान. मालकीणबाई म्हणाल्या, हवं ते वापरा. आयत्या बिळावर नागोबा म्हणजे मीच. चिमणी, माझी सात वर्षांची लेक, नाचतेय.

५ मार्च
चिमणीच्या चेहऱ्याचा साचा घेतला. तोंडाला व्हॅसलीन, नाकात दोन नळ्या, वर प्लास्टर. हसू नकोस म्हटलं की ही हमखास हसणार! तीनदा करावं लागलं. मग मागची बाजू करायचा कंटाळा आला. फळीवर कुठल्याशा लहान मुलीच्या डोक्याचा मागचा साचा होता. लावून पाहिला, कडेला कड बसली. फुकट ते पौष्टिक. प्लास्टरवाले काका फोनवर म्हणाले, दोन माणसांचे साचे कधी जोडू नयेत. का, ते सांगेनात. त्यांना माल खपवायचा असेल.

६ मार्च
ओतलं. आळताना प्लास्टर गरम होतं, तसं झालं. उघडलं तर हुबेहूब चिमणी. कानांमागून जोडाची रेघ उठली आहे, ती उद्या चाकूने खरवडेन.

७ मार्च
पुतळ्यावर रेघ नाही. मी तर चाकूला हातही लावला नव्हता. पुतळा अजून कोमट आहे. प्लास्टर तासा-दोन तासांत गार पडतं. चिमणी आज एकदाही हसली नाही.

८ मार्च
वेणी घालताना चिमणीच्या कानामागे बोटाला रेघ लागली. डोक्यावरून थेट दुसऱ्या कानापर्यंत. मला भीती वाटतेय, कशाला लपवू. मालकीणबाईंना विचारलं. मूर्तिकाराची मुलगी याच घरात वारली. तो मागचा साचा तिचाच.

९ मार्च
ही मला आई म्हणत नाही. बाबा कुठे गेले, विचारते. हिला बाबा आठवायचं काही कारण नाही, हिचा बाप ती पोटात असतानाच गेला — पुतळा कालपेक्षा गार लागतोय.

१० मार्च, सकाळ
दोघींसमोर उभी राहून म्हटलं, हसू नकोस. खुर्चीतली ढिम्म. पुतळ्याच्या ओठाच्या कोपऱ्याला बारीक तडा गेला —
माझी चिमणी त्यात आहे.

दुपार
पडवीला आतून कडी घातली. पुतळा मांडीवर. टोच्याने नाकपुड्या मोकळ्या केल्या, श्वास येतोय, अगदी थोडा. बाहेरची हातोडीने दार ठोकतेय. म्हणते, ती फुटली की मी कायमची तुझी —
गाल थंड पडले तिचे. थांब गं राणी, उघडते, कुठून तरी उघडते, फक्त हसत रहा, चिमणे, हस —
कडी निघा