तेवीस मुलांचा पट

सावरवाडी, ता. मोताळा
४ जुलै २०२४

ती. बाबा आणि ती. आईस,
जयमालाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता. मागच्या वेळी छकुलीचा दात पडला म्हटलं, तर तुम्ही छकुली पडली असं सांगून आईला रडवलंत. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलंय. हसू नका. पालकांच्या सभेत पुरुष मंडळी एकमेकांकडे बघत राहिली, कुणालाच तालुक्याला हेलपाटे घालायचे नव्हते. मग सत्यभामाबाई उठल्या आणि म्हणाल्या की हेडमास्तरची पोरगी आहे, तिलेच करा. झालं. सत्यभामाबाई म्हणजे आमच्या मागच्या घरातल्या. मुलगा-सून पुण्याकडे बांधकामावर असतात आणि नातू प्रेम त्यांच्यापाशी राहतो, आपल्या छकुलीच्याच वर्गात, तिसरीत. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण समितीची एक सभा त्यांनी आजवर चुकवलेली नाही. उपाध्यक्ष इंद्रभानभाऊ. त्यांचा भाजीचा मळा आहे, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं.

आमची शाळा पहिली ते चौथी, पट तेवीस, शिक्षक दोन. त्यातले गोविंदा सर बदलीने गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. आता शालिग्राम सर एकटे चार वर्ग बघतात, खिचडी बघतात आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर माहिती भरतात. परवा छकुलीने घरी येऊन सांगितलं की आज सरांनी आमच्याकडे एकदाच पाहिलं. आम्ही चार निवेदनं दिली, चारही वेळा पोच मिळाली. केंद्रप्रमुख म्हणतात, प्रक्रियेत आहे. तुम्ही तीस वर्षं शाळा चालवलीत, तुम्हीच सांगा काय करू.

आईचा गुडघा कसा आहे? उत्तराची वाट बघते. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
जयमाला


मेहकर
११ जुलै २०२४

चि. सौ. जयमालास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवले. चौथीत असताना शाळा चुकवून बोरे वेचायला जाणारी मुलगी शाळेची अध्यक्ष झाली, यावर ती अजून हसते आहे. मी हसलो नाही. मला अभिमान वाटला.

आता कामाचे. निवेदनाने काही होत नसते. कागद जातो, कागदावर कागद बसतो. चौऱ्याण्णव साली माझ्या शाळेत मी एकटाच होतो आणि पट साठाच्या वर. वर्षभर अर्ज केले. शेवटी गावकऱ्यांनी शाळेला कुलूप ठोकले. मी सरकारी नोकर, उघड काही बोलू शकत नव्हतो, पण कुलूप कोणत्या दुकानात चांगले मिळते ते मीच सांगितले होते. तिसऱ्या दिवशी साहेब जीपमधून दोन शिक्षक घेऊन आले. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, बेटा.

समितीचा रीतसर ठराव घ्या, आठ दिवसांची मुदत द्या आणि मग कुलूप लावा. शालिग्राम सरांना बोल लावू नका, त्यांनी रोज दारात येऊन हजर राहावे. आणि शिक्षक प्रत्यक्ष येईपर्यंत उघडू नका. तोंडी आश्वासनावर तर मुळीच नाही.

जावई गणेशरावांना आशीर्वाद, छकुलीला पापा. जिव्हाळा आहेच, तो वाढता असावा.

तुझा,
बाबा


सावरवाडी
२९ जुलै २०२४

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. ठराव एकमताने झाला, सत्यभामाबाईंचा अंगठा सगळ्यांच्या आधी. आठ दिवस वाट पाहिली आणि बावीस तारखेला, सोमवारी, शाळेला कुलूप लागलं. इंद्रभानभाऊंनी मोताळ्याच्या बाजारातून वीतभर कुलूप आणलं होतं. पेपरात फोटो आला, त्यात मी डोळे मिटलेली आहे. गणेश म्हणतात, अध्यक्ष ध्यानाला बसल्यात.

आज आठवा दिवस. तालुक्याच्या साहेबांचा दोनदा फोन आला, उघडा मग बघू म्हणाले. मी म्हटलं, शिक्षक पाठवा मग उघडू. तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. शालिग्राम सर रोज येतात आणि लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. कुणी त्यांच्याशी वाईट बोलत नाही, चहा आमच्याकडून जातो.

एकच गोष्ट कळवायची राहिली. मुलं दिवसभर उन्हात हुंदडतात, दोघं तर नाल्यात पोहायला गेली. तेवढ्यात तालुक्याकडच्या एका कॉन्व्हेंटवाल्यांनी आपली गाडी गावात पाठवली. तुमची शाळा उघडेपर्यंत मुलं आमच्याकडे बसू द्या, काही देऊ नका, म्हणाले. इंद्रभानभाऊंनी आपली दोन्ही मुलं पाठवली. आठ दिवसाचीच तं गोष्ट आहे, पोट्टे घरी बसून काय करतीन, असं मला म्हणाले. मलाही ते पटलं. आणखी चारपाच जणांनी पाठवली. छकुलीला मी पाठवलं नाही, अध्यक्षाच्याच मुलीने जाणं बरं दिसत नाही म्हणून. रोज सकाळी ती ओट्यावरून गाडी बघत बसते.

तुमचा काय विचार? अजून किती दिवस धरायचं?

तुमच्या मायेवरच आहे सगळं.

जयमाला


मेहकर
३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. जयमालास,
आशीर्वाद.

तुझा फोटो कापून दिवाणखान्यात लावला आहे, मिटल्या डोळ्यांसकट. शेजारच्यांना मी मुद्दाम चहाला बोलावतो.

घाबरू नका, ही परीक्षेची वेळ आहे. आता उघडाल तर पुढची दहा वर्षे तुमचे निवेदन कुणी वाचणार नाही. मुले तात्पुरती बसली तर बसू द्या, अभ्यास बुडत नाही हे चांगलेच आहे. मूल शेवटी आपल्या गावच्या शाळेतच परत येते. धीर धर.

लोभ कायम असू दे.

तुझा,
बाबा


सावरवाडी
१८ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

शिक्षिका आल्या. चौदा तारखेला, चोविसाव्या दिवशी. अनुपमा मॅडम नाव, वय सव्वीस असेल, स्कूटीवर येतात. साहेब स्वतः सोडायला आले होते. नारळ फुटला, मी कुलूप काढलं, टाळ्या झाल्या. मला वाटलं, आता लगेच तुम्हाला तार करावी, तारा बंद झाल्यात तरी.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला मुलं आली नऊ.

बाकीची चौदा तिकडच्या झेंडावंदनाला गेली होती, टाय लावून. गाडी आमच्या शाळेसमोरून गेली तेव्हा आतून मुलांनी सरांना हात केला. सरांनीही केला. अनुपमा मॅडमनी नऊच मुलांकडून इतकं सुंदर गीत म्हणवून घेतलं की मला तिथे उभं राहवेना.

मी आणि सत्यभामाबाई घरोघर फिरलो. कुणी वाईट बोलत नाही बाबा, तेच कठीण आहे. बसवतात, चहा देतात, आणि म्हणतात की आता पोरगं रुळलं आहे, वर्षाच्या मधात कुठे हलवता. आता फी लागते, तीही भरतात. इंद्रभानभाऊ मला बघून मळ्याच्या मागच्या बाजूला गेले. नंतर स्वतःच घरी आले आणि म्हणाले, पोरगी घरी येऊन इंग्रजीत पोयम म्हणून राह्यली, तिले कोणत्या तोंडानं परत आणू. दाखल्यासाठी अर्ज त्यांनी दिलाच आहे. मूल शाळेत नाही तर पालक समितीत नाही, असा नियम आहे. कुलपाचा ठराव करणाऱ्या नऊ पालकांतले सहा आता समितीतच नाहीत.

खरी भीती पुढेच आहे. तीस सप्टेंबरचा पट धरतात. नऊच राहिले तर दुसरी शिक्षिका जाईल, म्हणजे जिच्यासाठी हे सगळं केलं तीच. पुढे शाळाच दुसरीकडे जोडतील असं सर म्हणतात, आणि दुसरी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे आहे. ही नऊ मुलं कुणाची, तर मजुरीवर जाणाऱ्यांची. ती गाडीत बसू शकत नाहीत आणि रस्ता ओलांडून जाणार नाहीत. ती घरीच बसतील. आपण आपल्याच हाताने धोंडा पाडून घेतला, आणि तोही आपल्या पायावर नाही, त्यांच्या.

आणि छकुली. तिच्या वर्गात आता ती आणि प्रेम, दोघंच. तिच्या मैत्रिणी संध्याकाळी खेळायला येत नाहीत, त्यांना घरचा अभ्यास असतो. सासूबाई रोज म्हणतात की लेकराले काऊन बांधून ठेवलं, अध्यक्ष तू आहेस, ते नाही. बाबा, तिला पाठवू का? तुम्ही म्हणाल ते करीन.

तुमच्या आधाराची गरज आहे.

जयमाला


मेहकर
२६ ऑगस्ट २०२४

चि. जयमाला,
आशीर्वाद.

चार दिवस हे पत्र लिहितो आहे. तुझी आई म्हणते, टाकून ये एकदाचे पेटीत.

चौऱ्याण्णवची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. साहेब तिसऱ्या दिवशी आले, असे मी सांगतो. ते एकविसाव्या दिवशी आले होते. सांगता सांगता दिवस कमी होत गेले, आणि पुढे मलाच तीन खरे वाटू लागले. त्या एकवीस दिवसांत गाड्या नव्हत्या, कॉन्व्हेंट नव्हते, म्हणून मुले परत आली. सगळी नाही. निंदणाचे दिवस होते, सात मुली आयांबरोबर शेतात गेल्या. चार परतल्या. तीन परतल्याच नाहीत. त्यांतली रुख्मिणी इथे बसस्थानकाबाहेर भाजी विकते. मला गुरुजी म्हणते, मेथीची जुडी हातात कोंबते, आणि गाडी लागली की पाटीवर काय लिहिले आहे ते मलाच विचारते. हे मी तुला कधी सांगितले नाही. कुणालाच नाही. सत्काराच्या भाषणात हे कोण सांगतो?

चूक तुझी नाही, माझी आहे. सोबत वेगळा कागद जोडला आहे, त्यात हे सगळे लिहिले आहे. गावात वाचून दाखव. आईचा गुडघा चालू देत असता तर तिला घेऊन मी स्वतः आलो असतो, दारोदार फिरलो असतो. ते जमत नाही.

छकुलीचे तू विचारलेस. मला माहीत नाही. नात घरात एकटी बसते हे वाचून तिला पाठव असे लिहावेसे वाटते, आणि प्रेम वर्गात एकटा उरेल हे मनात आले की लेखणी थांबते. आजवर तुझ्या प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर दिले. या एकाला नाही. तू जे करशील ते बरोबर म्हणायला मी इथे आहे, एवढेच.

राग धरू नकोस. धरलास तरी पत्र टाकत राहा.

तुझा,
बाबा


सावरवाडी
६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, रागाने नव्हे. तुमच्यावर रागवायला बसले तर स्वतःवर रागवायला वेळ उरणार नाही.

तुमचा कागद मारुतीच्या पारावर वाचला. मला वाचवेना, शालिग्राम सरांनी वाचला. इंद्रभानभाऊंनी डोळे पुसले आणि गुरुजी खरं बोलले, असं चारचौघांत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधून त्यांना गाडीत बसवलं. एक मुलगी मात्र परत आली. पण त्याच आठवड्यात इथली दोघं तिकडे गेली. तीस तारखेला पट आठ भरला. अनुपमा मॅडमचा दुसरीकडचा आदेश चौथ्या दिवशी आला. शिक्षिका आणायला चोवीस दिवस लागले होते, न्यायला चार. जाताना त्या मुलांपेक्षा जास्त रडल्या.

आता छकुलीचं. सप्टेंबरभर ती सकाळी जेवत नव्हती. अंगात ताप नाही, पण पोट दुखतं म्हणायची. बुधवारी सत्यभामाबाई स्वतः आल्या, उंबऱ्यात बसल्या, आणि म्हणाल्या की माह्या नातवासाठी तू तुही पोरगी नको वाळवू. त्याच रात्री गणेशनी दाखल्याचा अर्ज लिहिला आणि मी सही केली. शुक्रवारी ती गाडीत बसली. खिडकीतून तिने वळून पाहिलं नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं. आता तिसरीत प्रेम एकटा आहे.

माझं मूल शाळेत नाही, म्हणजे मीही समितीत नाही. काल नवा अध्यक्ष निवडायची सभा होती. सात मुलांचे पालक, त्यातले बहुतेक सोयाबीन सोंगायला गेलेले. बसलेल्यांत सत्यभामाबाई एकट्याच सभा कधी न चुकवणाऱ्या. सरांनी त्यांचंच नाव घेतलं, त्यांनी अंगठा दिला. रजिस्टर त्यांच्या हातात देऊन मी उठत होते, तर त्यांनी माझा पदर धरला आणि हळूच विचारलं की अध्यक्षाले काय करा लागते वं माय, म्हणजे ही शाळा राह्यते. त्या खरंच विचारत होत्या. मी सांगीन ते सगळं त्या करणार होत्या, पायी तालुक्याला जाणार होत्या.

मी पदर सोडवून घेतला आणि घरी आले.

बाबा, पुढच्या सोमवारी मला त्यांना भेटायचं आहे. काय सांगू?

आईच्या गुडघ्याला जपा. आता अध्यक्ष नाही, नुसती मुलगीच आहे, तेवढा लोभ राहू द्या.

तुमची,
जयमाला