अर्धा सूर वर

लंडन, ३ सप्टेंबर १९९१

प्रिय ऑड्री,

स. न. वि. वि. तुझा केक पोचला. एक कोपरा पोस्टाने खाल्ला, बाकीचा मी. गुडघा कसा आहे?

आता लिहितो ते बहीण म्हणून फक्त तुझ्यासाठी. मार्चपासून माझे कान घसरलेत. ऐकू सगळं येतं, पण अर्धा सूर वर. पियानोवर पांढरी एक दाबतो, कानात काळी एक वाजते. डॉक्टर म्हणतात, जन्मतः पक्क्या कानाच्या लोकांचं पन्नाशीत असं होतं, औषध नाही. कागदावरची स्वरलिपी वाचून वाजवणारा असतो तर निभावलं असतं. मी कुणापुढे बसून शिकलो नाही. सगळी गाणी बांधली ती या कानांवर. परवा तालमीत बोटं कानामागे धावली आणि सगळा बँड थांबला. आमचा गायक टेरेन्स माईकवरूनच म्हणाला, लेन, पिणं कमी कर. मी हसलो.

नोव्हेंबरात आपल्या गावी, हलमध्ये, बँडचा शेवटचा कार्यक्रम. तो मला वाजवायचाय. तुझ्याकडचा आईचा पियानो जुन्या तारांमुळे कायम अर्धा सूर खाली लावलेला. म्हणजे आता तोच मला बरोबर ऐकू येणार. पंधरा दिवस त्याच्यावर सराव करू दे. बोटांची वाट पक्की झाली की कानांकडे लक्ष न देता वाजवीन. तोवर त्याला कुणाचा हात लागू देऊ नकोस.

माया आहे तशी असू दे.

तुझा लेन

हल, ७ सप्टेंबर

प्रिय लेन,

स. न. वि. वि. तुझं पत्र आज आलं. पियानो लावणारे मिस्टर पिकर्सगिल मंगळवारीच येऊन गेले.

मीच बोलावलं होतं. हा पियानो आहे की बुडालेली बोट, असं तू जन्मभर म्हणत आलास. तू येणार म्हणून म्हटलं, एकदा तरी घरात खरा सूर मिळू दे. ते नको म्हणत होते. मी हट्ट धरला. तीन तारा तुटल्या, नव्या घातल्या, सूर चढवला.

आज त्यांना पुन्हा बोलावून म्हटलं, उतरवा. त्यांनी आतली फळी दाखवली. ताणाने तडकलीय, तारांच्या खुंट्या धरत नाहीत. म्हणाले, बाई, आता याच्यात कपबशा ठेवा.

मला कसं लिहावं कळत नाही. तू कुणाला 'मला जमत नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. टेरेन्सला सांग रे.

रागावलास तरी पत्र टाक.

तुझी ऑड्री

लंडन, १५ सप्टेंबर

प्रिय ऑड्री,

स. न. वि. वि. रडू नकोस. ताण चढवण्याआधी खुंट्या हाताने हलवून बघतात, हे पिकर्सगिलला कळायला हवं होतं.

टेरेन्सला सांगितलं. तो म्हणाला, गाढवा, मार्चपासून एकटाच बसलास होय हे घेऊन? आणि माझ्या चहात दोनदा साखर घातली.

माझ्या जागी लीड्सची एक मुलगी वाजवणार आहे. तिला सगळी गाणी दाखवली. एका जागी ती करंगळी वापरत होती, तिथे अंगठा घ्यायला लावला. ती बरोबर वाजवते हे मला तिच्या बोटांवरून कळतं.

कार्यक्रमाला तू जा. मी तुझ्या घरी थांबेन. परत आल्यावर कसं झालं ते सांगू नकोस, आणि एखादी ओळ ओठांवर असली तर ती दाराबाहेर संपवून ये. मनातल्या मनात सगळी गाणी अजून आपापल्या जागी आहेत. तेवढी तरी हलायला नकोत.

येताना काही आणायचं असेल तर कळव.

तुझाच
लेन