आबांचा दगड

पणदरे,
१९ नोव्हेंबर १९९५

चि. मल्हारास,

भागूताईचा आशीर्वाद. आमी समदी हितं खुशाल हाय. म्हैस व्याली, रेडी झाली. उसाला अजून तोड न्हाय. बंगल्याच्या वास्तुशांतीला आईला धाडून दे, पाव्हणे विचारतील, असं तू लिवलंस. बरं झालं बाबा, पाव्हण्यांपायी का हुईना, आई आठवली तुला.

आदी आमच्या फिरण्याचं सांगते. आई आन् मी यष्टीनं गडाखालच्या त्या गावाला जाऊन आलो. तू साहेब लोकांना जीपनं नेलंस, तेच. झरा अजून वाहतोय. धुकं सरलं की गड दिसतो, न्हायतर समदं पांढरं. कोकणात उतरायच्या आदी आपली मेंढरं तितंच विसावायची. आईला चढण सोसत न्हाय, पण उंबर दिसला तशी माझा हात सोडून पुढं गेली.

त्याच उंबराखाली आबांना माती दिली. वर काळा दगड बसवला, त्यावर मेंढी तूच कोरलीस. दर साली वाटंनं जाताना पहिल्या धारंचं दूध आन् भंडारा तितं वाहायचा. मेंढरं विकली आन् ते ऱ्हायलं.

म्हणून तर तू निघालास तवा आईनं भंडाऱ्याची पुडी दिली. तिलाबी यायचं हुतं. "जीपमदी जागा न्हाय," म्हणालास. माघारी आल्यावर छातीठोक सांगितलंस, "वाहिला गं आई." आरं, खोटंच बोलायचं तर पुडी तरी फेकून द्यायचीस! तुझी पँट धुताना तिलाच घावली.

"लेकराला जागा घावली नसंल," एवढंच ती म्हणाली. मलाबी तसंच वाटलं.

उंबरापाशी भामाबाईचं चहाचं खोपट हाय. म्हातारीनं आईला वळखलं, तू आलतास तवा तुला न्हाय. आपणहून सांगाय लागली, "दिवाळीआदी जीप आलती. एकानं दगडावरच्या मेंढीवरनं बोट फिरवलं. संगतीच्यानं इचारलं, हे काय? तर म्हणला, 'आसंल कुणा धनगराचं.' आन् त्यावर बूट ठिवून फोटू काढला की वो!"

तो फोटो तुझ्या बैठकीत टांगलाय, मल्हार. बुटाखाली काय हाय, ते मला तवा दिसलं न्हाय.

आईनं पदरानं दगड पुसला. भामाबाईच्या शेळीचं दूध घातलं, पुडी सोडून भंडारा वाहिला. मग दगडाला म्हणाली, "मल्हारनं धाडलाय हो. त्याला सवड न्हाय." माझा जीव नुसता जळला रे! तुझ्यापायी तिनं आबांपुढं खोटं बोलावं?

तवापासनं ती माझ्याकडंच हाय. वास्तुशांतीला येणार न्हाय. म्हणते, पाव्हण्यांनी इचारलं ही म्हातारी कोण, तर पोरगं काय सांगंल?

तू सांग की. एकदा जमलंय तुला.

कुणा धनगराची लेक,
भागू