मामा न विचारणारं गिऱ्हाईक

मंगळवार, संध्याकाळ. कर्जत

लग्नाआधी मुलीची चौकशी करवून घेणारा माणूस तिचा मामा कोण, हे कसं विचारत नाही?

आमच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत येणारे सगळे आधी आजोळ विचारतात. या गिऱ्हाइकाला फक्त तीन गोष्टी हव्यात: ती कुठे काम करते, कधी सुटते, कुठल्या रस्त्याने जाते.

एजन्सीच्या सरांना बोलून दाखवलं तर ते हसले. "क्राइम पॉडकास्ट कमी ऐक गं. तुला सगळीकडे खुनीच दिसतात." असेलही. पण मामा?

भाकरी थापणाऱ्या आईला नाव न सांगता विचारलं. "मामा नाय इचारला? मग सोयरीक नाय करायची त्याला. पोर त्याच्या वळखीची हाय."

काल इथल्याच कळंबच्या रिसॉर्टवर काम करताना ती मुलगी मला सापडली होती. गेटबाहेर पडण्याआधी दोन्हीकडे बघत होती.

मघाशी तिथे फोन करून तिला गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "ताई, त्याच्यापासूनच पळून आले मी."

घरातली पहिली पदवीधर मी. पोरगी खरं शोधायचं काम करते, असं आई गावभर सांगते. सरांना अहवाल पाठवला: 'मुलगी कर्जत तालुक्यात आढळली नाही.'